‘आहार पाळला जात नाही’ असा शेरा असलेली मुलगी

मी एका मोठ्या रुग्णालयात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. ज्या मुलीबद्दल लिहीत आहे ती अकरा वर्षांची, सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकरी कुटुंबातली. ओळख पटेल असे तपशील मी वगळले आहेत. तिच्या मेंदूच्या तळाशी, शरीरातल्या अनेक संप्रेरकांवर ताबा ठेवणाऱ्या पिट्युटरी ग्रंथीच्या वरच्या बाजूला, क्रॅनिओफॅरिंजिओमा नावाची गाठ होती. ही गाठ कर्करोगाची नसते, पण ती वाढते ती जागा इतकी नाजूक असते की गाठ काढल्यावर मूल वाचते आणि तरीही पूर्वीसारखे राहत नाही. शस्त्रक्रियेच्या वेळी तिचे वजन 27 किलो होते. दोन वर्षांनी ती माझ्यासमोर बसली तेव्हा ते 61 किलो झाले होते आणि उंची जेमतेम तीन सेंटिमीटरने वाढली होती. सोबतच्या कागदावर शेरा होता : ‘आहार पाळला जात नाही, समुपदेशन करावे.’

लोकांना वाटते की आम्ही छापील तक्ते वाटतो. प्रत्यक्षात आमच्या कामाचा कणा म्हणजे माणूस काय खातो हे त्याच्याकडून खरे काढून घेणे, आणि हे कौशल्य वर्षानुवर्षे घासूनच येते. ‘मुलगी किती खाते?’ असा प्रश्न मी कधीच आधी विचारत नाही, कारण त्याचे उत्तर देणारी आई स्वतःचा बचाव करत असते. मी आधी महिन्याचा किराणा विचारते. तेल किती लागते, साखर किती, शेंगदाणे किती, घरात माणसे किती. या प्रश्नांना कोणी सावध होऊन उत्तर देत नाही. त्या घरात पाच माणसांना महिन्याला अडीच लिटर तेल लागत होते, म्हणजे माणशी दिवसाला साधारण 15 ग्रॅम. एक किलो ज्वारीच्या पिठात वीस भाकरी होतात असे आईने सांगितले, म्हणजे एका भाकरीत 50 ग्रॅम पीठ आणि सुमारे 175 कॅलरी. त्यानंतर मी टेबलावर तीन मापांच्या वाट्या मांडल्या आणि डाळ कोणत्या वाटीत वाढता ते दाखवायला सांगितले. शेंगदाण्याची चटणी चमच्याने मोजून घेतली, कारण सोलापूरकडच्या घरात हिशेब चुकतो तो बहुधा तिथेच. मुलीला डेस्मोप्रेसिन, म्हणजे लघवीवाटे पाणी वाहून जाऊ नये यासाठीचे औषध, चालू होते, तहान खूप लागत होती, म्हणून ती तहान पाण्याने भागवते की सरबताने हेही विचारले. घरात सरबत होतच नव्हते.

बेरीज 1300 कॅलरींच्या आसपास आली. शाळेत ती मैत्रिणींच्या डब्यातले खाते अशी तक्रार होती, म्हणून त्यात आणखी 200 धरल्या. या वयाच्या मुलीची गरज दिवसाला साधारण 2000 कॅलरींची असते. हिशेब पुन्हा केला, उलट बाजूने किराण्यावरून पडताळला, आणि तो जुळला. एवढा नीट जुळणारा आहारवृत्तांत मला क्वचितच मिळतो. आईचे बोलणे शब्दशः खरे होते. तिला कमी पडणाऱ्या संप्रेरकाऐवजी हायड्रोकॉर्टिसोन हे स्टिरॉइड चालू होते, त्याचा डोस जास्त झाल्यानेही वजन वाढते, म्हणून निवासी डॉक्टरांना फोन करून तोही तपासून घेतला. शरीराच्या मापाने तो योग्यच होता.

मग मी एमआरआयचा अहवाल मागवला. तो फाईलमध्ये होताच, पण वजनाच्या संदर्भात कोणी वाचला नव्हता. मेंदूच्या तिसऱ्या पोकळीचा तळ दोन्ही बाजूंनी इजा झालेला असल्याचे त्यात स्पष्ट लिहिले होते. त्याच तळाशी हायपोथॅलॅमसमधला, म्हणजे भूक-तहान सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागातला, आर्क्युएट न्यूक्लियस हा पेशींचा पुंजका असतो. शरीराची चरबी लेप्टिन हे संप्रेरक रक्तात सोडते आणि रिकामे जठर घ्रेलिन सोडते. ही दोन्ही ज्या पेशींना जाऊन भिडतात त्यांतल्या महत्त्वाच्या पेशी येथे आहेत. एजीआरपी पेशी भूक चेतवतात, पीओएमसी पेशी ती शमवतात. लेप्टिन पहिल्यांना दाबते आणि दुसऱ्यांना जागे करते, तर घ्रेलिन एजीआरपी पेशींना चेतवते. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने 1994 मध्ये लेप्टिनचे जनुक शोधले, तेव्हा लठ्ठपणावरचे औषधच सापडले असे अनेकांना वाटले होते. पण लेप्टिन वाचणाऱ्या पेशीच उरल्या नसतील तर रक्तात ते कितीही असले तरी उपयोग नाही. अशा मुलांच्या रक्तात लेप्टिन भरपूर असते.

लेप्टिनचे नाव ठाऊक होण्याच्या कितीतरी आधी, 1959 मध्ये, इंग्लंडमध्ये जी. आर. हर्वी यांनी दोन उंदरांचे शरीर शस्त्रक्रियेने जोडून त्यांचे रक्त थोडेथोडे एकमेकांत मिसळेल असे केले होते. त्यांतल्या एकाच्या हायपोथॅलॅमसला इजा केली. तो उंदीर लठ्ठ झाला आणि दुसरा, ज्याचा मेंदू शाबूत होता, खाणे सोडून वाळत गेला. लठ्ठ उंदराच्या रक्तातला ‘आता पुरे’ हा निरोप शेजाऱ्याला पोचत होता, त्याला स्वतःला मात्र ऐकू येत नव्हता. हा प्रयोग मी विद्यार्थिनींना दरवर्षी शिकवते. त्या दिवशी तो माझ्यासमोर खुर्चीवर बसलेला होता.

तरीही एक प्रश्न मला छळत होता. भूक शमत नाही हे समजले, पण कमी खाऊन वजन कसे वाढते? याचेही उत्तर जुने आहे. 1969 मध्ये अमेरिकेत जॉन ओल्नी यांनी नवजात उंदरांना मोनोसोडियम ग्लुटामेट, म्हणजे आपण ज्याला अजिनोमोटो म्हणतो ते, टोचले. त्याने आर्क्युएट न्यूक्लियसच्या पेशी मेल्या, आणि ते उंदीर मोठेपणी ठेंगणे आणि लठ्ठ झाले. (हे टोचलेले, मोठ्या मात्रेतले आणि जन्मतःच दिलेले होते, यावरून हॉटेलातल्या जेवणाबद्दल जी भीती पसरवली जाते तिला आधार नाही.) पुढच्या काळात असे दिसून आले की हे उंदीर इतरांपेक्षा जास्त खात नाहीत. म्हणजे या पेशी केवळ भूक ठरवत नाहीत, तर खाल्लेले जाळायचे की साठवायचे हेही ठरवतात. माणसात हायपोथॅलॅमसची इजा झाली की मेंदूकडून पोटातल्या अवयवांकडे जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूवरचा लगाम सुटतो, स्वादुपिंड जास्त इन्शुलिन सोडू लागते आणि शरीर चरबी साठवत राहते. या मुलीचे उपाशीपोटीचे इन्शुलिन तपासले तेव्हा ते खूप वाढलेले निघाले.

हे सगळे आई-वडिलांना सांगायचे होते. वडील म्हणाले, “मॅडम, पोरीपायी किराण्याला कुलूप लावून ठेवलंय. तरी माझी बहीण म्हणते, तुम्ही लाडावून ठेवलीय.” मी त्यांना सांगितले की कणगीत धान्य किती उरले हे बघणारे माणूसच घरात नसेल तर भरलेली कणगी असूनही घर दुष्काळासारखे वागेल, आणि तुमच्या मुलीच्या मेंदूत तेच झाले आहे. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले, “म्हणजे ती चोरत नव्हती ना, मॅडम?” मी म्हणाले की मैत्रिणींच्या डब्यातले ती घेत होती, पण ती खरोखरच उपाशी होती. मुलगी हे सगळे ऐकत होती. तिच्यासमोर दोन वर्षे तिच्या हावरटपणाची चर्चा झाली होती, म्हणून ती हावरट नाही हेही तिच्यासमोरच बोलले जाणे मला आवश्यक वाटले.

शेऱ्याखाली मी माझी नोंद लिहिली : ‘आहार पाळला जात आहे. ऊर्जेचे सेवन वयाच्या गरजेपेक्षा कमी. वजनवाढ हायपोथॅलॅमसच्या इजेमुळे.’ आमच्या व्यवस्थेचा मला सर्वांत जास्त राग येतो तो इथे. वजनकाट्यावरचा आकडा हाच रुग्ण खोटे बोलत असल्याचा पुरावा मानला जातो. या गाठीनंतर जवळपास निम्म्या मुलांचे वजन असे वाढते हे पाठ्यपुस्तकात आहे, तरी बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीत पाच मिनिटांत फाईल हातावेगळी करणाऱ्याला ते आठवत नाही. वेळ नाही हे मान्य, पण ‘पाळला जात नाही’ असे लिहायलाही तेवढाच वेळ लागतो जेवढा ‘कारण शोधावे’ असे लिहायला.

वरिष्ठांशी माझा मतभेद झाला तो पुढच्या आराखड्यावर. त्यांचे म्हणणे होते की आहार 900 कॅलरींवर आणावा. माझे म्हणणे असे की जिची उंची आधीच थांबली आहे त्या मुलीची प्रथिने आणि कॅल्शियम कापून आपण वजन थोडे कमी करू आणि हाडे गमावू. शेवटी 1200 वर एकमत झाले. भाकरी दोन केल्या, भात बंद केला, अंडे आणि ताक वाढवले, मोड आलेल्या मटकीची उसळ दुपारी ठेवली, आणि तेल आईने एका बाटलीत आठवड्याचे वेगळे काढून ठेवायचे ठरले. कुलपाची किल्ली मुलीच्या संमतीने आजीकडे गेली. अशा मुलांना अन्न समोर नसेल तर थोडी शांतता मिळते, पण लपवाछपवीने नव्हे. शाळेला मी पत्र लिहिले की हा शिस्तीचा प्रश्न नाही.

त्यानंतरच्या सहा महिन्यांत तिचे वजन तीन किलोने वाढले. आधीच्या सहा महिन्यांत ते आठ किलोने वाढले होते. वरिष्ठ याला अपयश मानतात. मी आलेखावर रेषेचा उतार दाखवला, तरी त्यांचे समाधान झाले नाही. रात्री भुकेने तिला जाग येते असे आई सांगते, आणि त्या भुकेसाठी माझ्या ताटात काही नाही. आता एंडोक्राइनच्या, म्हणजे संप्रेरकांच्या, डॉक्टरांनी गाठ पुन्हा वाढत नसल्याची खात्री करून वाढीचे संप्रेरक सुरू केले आहे. उंची वाढू लागली तर कॅलरी वाढवाव्या लागतील. त्यासाठी 1350 चा आराखडा मी तयार करून ठेवला आहे, आणि त्यावर वरिष्ठांची सही अजून व्हायची आहे.