मान सरळ धरली तेव्हा

सहा वर्षांचा मुलगा, मान डाव्या खांद्याकडे कललेली. "मॅडम, चार महिने मानेचे व्यायाम करतोय, काडीचा फरक नाही. मान सरळ ठेव म्हणून दिवसभर ओरडते मी," आई सांगत होती. डोळे एकदा बघून घ्यावेत, एवढ्यासाठीच त्याला माझ्याकडे पाठवलं होतं.

टॉर्चच्या उजेडाचा ठिपका प्रत्येक डोळ्याच्या बाहुलीत बरोबर मध्यावर पडला. एकेक डोळा झाकून पाहिला, तर हालचाल जवळजवळ नव्हतीच. 'तिरळेपणा नाही' असं लिहायला घेतलं आणि पेन थांबलं. तपासणी मी त्याच्या कललेल्या मानेतच केली होती!

मग आईला त्याचं डोकं सरळ धरायला सांगितलं. समोरचं गाडीचं चित्र दाखवून विचारलं, "किती गाड्या?"

"दोन. एकावर एक."

हे त्याला आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

आता आलटूनपालटून डोळे झाकले. झाकण काढलं की उजवा डोळा वरून खाली यायचा. डावीकडे बघताना ही हालचाल वाढायची. डोकं उजव्या खांद्याकडे कलवलं, तर तो डोळा न झाकताही वर चढलेला दिसला. डावीकडे कलवताच जागेवर आला. उजव्या डोळ्याच्या सुपीरियर ऑब्लिक स्नायूचा, म्हणजे तो हलवणाऱ्या चौथ्या मज्जातंतूचा अशक्तपणा. डोकं उजवीकडे झुकलं की उजव्या डोळ्याला आतल्या बाजूला पीळ द्यायचं काम दोन स्नायू करतात. त्यातला सुपीरियर रेक्टस डोळा वर ओढतो, ऑब्लिक खाली. ऑब्लिकच दुबळा असेल तर वरची ओढ रोखणार कोण? म्हणून हा मुलगा मान डावीकडे टाकून दोन चित्रांचं एक करत होता.

उजव्या डोळ्यावर पट्टी लावली आणि त्याला चित्र रंगवायला बसवलं. थोड्या वेळात मान आपोआप सरळ झाली. आई बघतच राहिली.

जुने फोटो मागितले. आठ महिन्यांच्या फोटोतही मान तशीच होती. मला हायसं वाटलं, कारण हे दुखणं नवं असतं तर डोक्याला मार लागला होता का इथपासून शोध घ्यावा लागला असता.

प्रिझमने, म्हणजे प्रकाश वळवणाऱ्या काचेने, दोन डोळ्यांतला फरक मोजला, शस्त्रक्रियेबद्दल समजावलं. मोजमाप पुढच्या भेटीत पुन्हा घ्यायचं ठरलं. मानेचे व्यायाम मात्र त्याच दिवशी बंद करायला लावले, आणि ओरडणंही.