ऑर्कनीतले काँक्रीटचे बुरूज आणि आजोबांची ट्रंक

पोरगी ऑर्कनीतल्या स्ट्रॉमनेसला शिकते, समुद्राच्या लाटांपासून वीज हा तिचा विषय, म्हणून गेल्या जूनमध्ये बायको आणि मी तिकडं जाऊन आलो. स्कॉटलंडच्याही वर, उत्तर समुद्र आणि अटलांटिक भेटतात तिथली ही बेटं. रात्री साडेदहालाही उजेड, झाडं जवळजवळ नाहीतच, आणि वारा असा की पावसाळ्यात चाळकेवाडीच्या पठारावर उभं राहिलेल्यालाच कळेल. आता साताऱ्याचा माणूस कुठंही गेला तरी आधी तट-बुरूज शोधतो. मी गेली पंधरा वर्षं रोज सकाळी अजिंक्यतारा चढतो, त्यामुळं बोट बंदराला लागतानाच किनाऱ्यावर करड्या काँक्रीटची बांधकामं दिसली तशी मी उतरल्याउतरल्या पोरीला म्हटलं, हे काय आहे ते आधी बघायचं, बाकी सगळं नंतर.

तर गोष्ट अशी आहे. या बेटांच्या मधे स्कापा फ्लो नावाचं पाणी आहे, चारी बाजूंनी बेटांनी वेढलेलं समुद्राचं तळंच म्हणा ना. दोन्ही महायुद्धांत ब्रिटिश आरमाराचा मुख्य तळ इथं होता. पहिलं युद्ध संपल्यावर जर्मनांची ७४ जहाजं इथंच नजरकैदेत आणून ठेवलेली, आणि २१ जून १९१९ ला त्यांच्याच अ‍ॅडमिरलनं ती बुडवायचा हुकूम दिला, एका दिवसात ५२ जहाजं तळाला गेली. पण माझं मन अडकलं ते दुसऱ्या युद्धात. आपल्याकडं गडाला चोरवाटा असतात तशा या तळ्याला पूर्वेकडून चिंचोळ्या वाटा होत्या, आणि जुनी जहाजं मुद्दाम बुडवून त्या बुजवलेल्या. १३ ऑक्टोबर १९३९ च्या रात्री भरतीचं पाणी चढलेलं असताना जर्मनांची यू-४७ पाणबुडी त्या बुडवलेल्या जहाजांच्या फटीतनं आत शिरली आणि मध्यरात्रीनंतर रॉयल ओक ही युद्धनौका बुडवून आल्या वाटेनं निघूनही गेली. ८३० हून जास्त माणसं गेली, त्यात शंभराहून जास्त तर अठराच्या आतली पोरं. ते जहाज अजून तिथंच तळाशी आहे, त्याला दफनभूमीचा मान आहे, आणि वर पाण्यात फक्त एक तरंगता बोया दिसतो. आम्ही किनाऱ्यावर उभं राहून बघितला. बायको तिथनं लवकर हलेना.

त्यानंतर चर्चिलनं, तेव्हा तो आरमाराचा मंत्री होता, त्या चोरवाटा कायमच्या बंद करायचं ठरवलं. आज त्या चार बांधांवरनं रस्ता जातो, चर्चिल बॅरिअर्स म्हणतात. खाली तारांच्या जाळीत भरलेले दगड, वर काँक्रीटचे ठोकळे, आतले पाच टनी आणि बाजूचे दहा टनी, आणि बाजूचे मुद्दाम वेडेवाकडे टाकलेले म्हणजे लाट फुटते. गाडी थांबवून मी खाली उतरून एका ठोकळ्यावर हात ठेवून बघितला, कडा अजून शाबूत. रस्ता अधिकृतपणे खुला झाला १२ मे १९४५ ला, म्हणजे युरोपातलं युद्ध संपून चार दिवस झालेले! एका बांधाच्या बाजूला जुन्या बुडवलेल्या जहाजाचा गंजलेला सांगाडा अजून पाण्याबाहेर दिसतो.

हे ठोकळे ओतले कुणी तर इटालियन युद्धकैद्यांनी. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात पकडलेली माणसं, त्यांना या थंडीवाऱ्यात आणून टाकलेलं. कैद्यांना युद्धाच्या कामाला लावता येत नाही असा जिनिव्हा कराराचा नियम, त्यांनी विरोधही केला, मग हा बेटावरच्या लोकांसाठी रस्ता आहे असं सांगून काम पुढं नेलं. इथं मला आजोबा आठवायला लागले, कारण आमचे आजोबा मराठा पलटणीत होते आणि १९४१ ला आफ्रिकेत इरिट्रियातल्या केरेनला इटालियन फौजेशीच लढले होते. साताऱ्यात हे काही नवल नाही, आमच्याकडं अपशिंगे गावाच्या नावातच मिलिटरी आहे, पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण गेले. ज्यांच्याशी आजोबा लढले त्याच फौजेतली माणसं इथं ठोकळे ओतत होती, आणि तशीच हजारो कैदी म्हणून आपल्याकडं भोपाळ, बंगळूर, डेहराडूनलाही आणलेली.

त्याच कैद्यांनी लॅम्ब होम नावाच्या बेटावर एक चर्च केलंय. निसेन हट म्हणजे अर्धगोल पत्र्याच्या दोन शेड जोडून एक लांब खोली, बाहेरनं काँक्रीटचा दर्शनी भाग, आणि आत गेल्यावर वाटतं विटा आहेत, कोरीव दगड आहे, पण सगळं सपाट भिंतीवर रंगवलेलं. कॉर्न्ड बीफच्या, म्हणजे खारवलेल्या मांसाच्या, रिकाम्या डब्यांचे दिवे. डोमेनिको किओकेत्ती या कैद्यानं आईनं दिलेलं मेरीचं छोटं कार्ड सगळं युद्धभर खिशात जपलं होतं, त्यावरनं वेदीमागचं चित्र काढलं. बाकीचे कैदी गेले तरी तो काम पुरं करायला मागं राहिला, आणि १९६० ला ते दुरुस्त करायला परत आला. बाहेर संत जॉर्जचा पुतळा आहे, त्याच्या आत सांगाडा काटेरी तारेचा आणि वर सिमेंट. ज्या तारेनं कोंडलं तिचाच पुतळा केला, मी तिथं बराच वेळ काही बोललोच नाही.

होक्सा हेडला तोफांची ठाणी बघितली, तिथं आता मेंढरं चरतात. टेहळणीची जागा, दारूकोठार, तोफेचा कट्टा, मला एकेक ओळखू येत होतं, फक्त चुना आणि चिऱ्याच्या जागी काँक्रीट. पण खरं सांगायचं तर स्ट्रॉमनेसजवळच्या नेस बॅटरी या तोफांच्या ठाण्यानं मला हलवलं. तोफा कधीच गेल्या पण सैनिकांच्या लाकडी बराकी शिल्लक आहेत, गाइडबरोबरच आत सोडतात. जेवणाच्या खोलीच्या भिंतींवर कुणा ए. आर. वुड्सनं इंग्लंडमधली खेडी रंगवलीत, गवताच्या छपराची घरं, पवनचक्की, झाडं. बाहेर एक झाड नाही आणि आत भिंतभर झाडं.

आणि एकदम आठवलं की आजोबांच्या ट्रंकेच्या झाकणाला आतनं असंच चित्र आहे. गावातलं देऊळ, पिंपळ आणि पार, हिरव्या-पिवळ्या रंगात. लहानपणी शंभरदा बघितलंय, पण कुणी काढलं, कधी काढलं, कधी विचारलं नाही. आम्ही किल्ल्यांवर जातो, ज्यांना दगडावर नावं कोरताना बघतो त्यांच्यावर चिडतो, आणि घरातली एवढी गोष्ट माझ्याकडनं निसटली याचं फार वाईट वाटलं.

बाहेर येऊन तिथनंच गावी चुलत्यांना फोन लावला. म्हटलं, "तात्या, आजोबांची ट्रंक हाय का अजून?"

"हाय की, माळ्यावर. बी-बियाणं ठेवतोय तिच्यात. आतनं गंजलीय, उन्हाळ्यात रंग मारायचा म्हणत हुतो, ऱ्हायलं बघ."

"तात्या, झाकणाला अजिबात हात लावू नका. मी येतोय."