पगाराआधीचा महिना

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या एचआरचा सोमवारी दुपारी फोन. "मॅडम, तुमचा मुलगा जॉइन व्हायला आलाच नाही."

मुलगा सुरगाणा तालुक्यातला. आमच्या ट्रस्टच्या शिष्यवृत्तीवर मेकॅनिकलची डिग्री घेतलेला. फोन लावला तर बंद. जुलै महिना, म्हणजे पाड्यावर रेंज नाही आणि शेतात भाताची आवणी. संध्याकाळी कुठल्याशा टेकाडावर चढून त्यानेच फोन केला.

"खोलीचं डिपॉझिट दहा हजार मागतायत मॅडम. मेसचे पैसे आगाऊ. सेफ्टी शूज आपले आपण आणायचे. पगार पुढच्या सात तारखेला. बाबा निफाडच्या बागायतदाराकडून उचल घेतायत, मग येतो."

उचल म्हणजे द्राक्षांच्या गोडी छाटणीची, फळासाठी होणाऱ्या छाटणीची, आगाऊ मजुरी. सप्टेंबर-ऑक्टोबरात आईबापाने द्राक्षबागेत राबून ती फेडायची. म्हणजे इंजिनिअर झालेल्या पोराचं डिपॉझिट बापाच्या आगाऊ मजुरीतून!

शिकत होता तोवर पैशाची वाट ठरलेली होती. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी मुलांना राहण्या-जेवणासाठी थेट खात्यात पैसे देणारी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम योजना त्याला मिळत होती, वर आमची थोडी भर. शेवटचा पेपर झाला की हे सगळं थांबतं. निकाल, कागदपत्रं, मेडिकल, मग जॉइनिंग, मग पहिला पगार. मधल्या काळात पोरगं विद्यार्थीही नसतं आणि नोकरदारही. कॅम्पस इंटरव्ह्यूची तयारी आम्ही जीव तोडून घेतो, हा काळ मात्र कुणाच्याच फॉर्मवर नाही.

एचआरला विनंती करून गुरुवारपर्यंत मुदत घेतली. बाई समजूतदार निघाल्या. मग आमच्या माजी विद्यार्थ्यांना फोन लावले. सिडकोत तिघं मिळून राहणाऱ्यांपैकी एकजण म्हणाला, "येऊ दे त्याला, डिपॉझिट-बिपॉझिट काही नको. गादी मात्र स्वतःची आण म्हणावं." बुटांचे पैसे आम्ही ऑफिसात वर्गणी काढून जमवले.

त्याला म्हटलं, "बाबांना सांग, उचल घेऊ नका." तो गप्पच. मग हळूच म्हणाला, "निम्मी घेतली मॅडम." ती परत करता येईल का, ते तो विचारून बघणार होता.

बुधवारी रात्री सुरगाण्याहून एसटीने उतरला, गुरुवारी सकाळच्या पाळीला हजर.

विश्वस्तांच्या बैठकीत मी पहिल्या पगारापर्यंतच्या बिनव्याजी रकमेचा प्रस्ताव मांडला. "नोकरी लागल्यावर मदत कशाला?" असा प्रश्न आलाच. मी त्यांच्यापुढे दहा हजारांच्या डिपॉझिटचा हिशोब ठेवला. पुढच्या बैठकीत बघू, म्हणाले.