माडग्याळ मेंढ्यांची खुरं : ऑक्टोबरची नोंद

परतीचा पाऊस एकदाचा उघडला, वाडा वाळला, म्हणून खुरांचं काम हाती घेतलं. आमच्या मेंढ्या माडग्याळ जातीच्या, पण बंदिस्त. सांगली जिल्ह्यातल्या जतच्या माळावर मुरमात चालणाऱ्या मेंढीचं नख आपोआप झिजतं, आमच्यांचं नुसतं वाढतं, कड आत वळते आणि तिच्याखाली चिखल दबून बसतो. त्यात जूनमध्ये गाभण राहिलेल्या मेंढ्यांना आता चार महिने झालेत. मेंढी साधारण १५० दिवसांत विते, म्हणजे सगळ्या जडावलेल्या.

एरवी मेंढी ढुंगणावर बसवून चारही खुरं उरकतात. या दिवसांत ते बंद. पोटातल्या ओझ्याने श्वास दाबला जातो, शिवाय ती हिसके देते. त्यात माडग्याळ अंगाने थोराड. वस्तीवरचे मामा एवढंच म्हणाले, "पाडू नगंस, उभीच धर." तसंच केलं.

पद्धत अशी बसली: सकाळच्या गारव्यात, मेंढीची एक बाजू भिंतीला, तोंड गव्हाणीत. उपाशी ठेवायची नाही. शेवटच्या दिवसांत, विशेषतः पोटात जुळी असतील तर, उपासमार थेट आजारावर जाते. धरताना हात हनुवटीखाली. लोकर ओढायची नाही, कातडीखाली रक्त साकळतं. पुढचा पाय गुडघ्यात मागे दुमडायचा. मागचा सरळ मागे, जमिनीपासून वीतभरच. बाजूला फाकवला की ती तोल सावरायला धडपडते. एक पाय झाला की खाली ठेवून दम घेऊ द्यायचा. धापा टाकायला लागली तर राहिलेले पाय दुसऱ्या दिवशी.

हत्यार म्हणजे द्राक्षछाटणीची कात्री. आत वळलेली कड तेवढी कापायची, गुलाबी झाक दिसली की थांबायचं. नवख्यांसाठी एक: दोन नख्यांच्या वर, पुढच्या बाजूला बारीक भोक असतं आणि दाबलं की मेणासारखी वात निघते. तो पू नव्हे, ती ग्रंथी आहे. तिला हात लावू नका.

एक कपाळावर तपकिरी ठिपका असलेली मेंढी लंगडत होती. नख्यांच्या बेचक्यात करडा चिकट थर, आणि वास असा की नाक फिरवावं. खूरसडच. तिचं नख मी कापलंच नाही. इंग्लंडमधल्या वॉरिक विद्यापीठाच्या अभ्यासात सडलेलं खूर छाटलेल्या मेंढ्या उशिरा बऱ्या झाल्या होत्या, आणि मला ते पटतं. तिला वेगळी बांधली. गाभणीला चालेल असं इंजेक्शन डॉक्टरांनी दिलं, वरून फवारा. आठवडाभरात चारी पाय टेकायला लागली. (तोंडातही फोड असतील, लाळ गळत असेल तर लाळ्या-खुरकूत समजा आणि लगेच डॉक्टरांना बोलवा.)

बाकीच्यांच्या खुरांना झिंक सल्फेटची आंघोळ, १० लिटर पाण्यात १ किलो. उथळ ट्रेमध्ये गोणपाट अंथरलं, त्यामुळे घसरणं नाही, शिंतोडे नाहीत. दाटी नको, दोन-दोनच सोडायच्या. नंतर कोरड्या फरशीवर उभ्या केल्या. मोरचूद स्वस्त पडतो खरा, पण त्यातलं तांबं मेंढीला विषारी. एखादी ट्रेला तोंड लावतेच, म्हणून आणलाच नाही.

दोघींची नखं अजून थोडी लांब आहेत, पण चाल नीट आहे. त्यांना आता छेडत नाही. व्यायल्यावर, कोकरं नीट पिऊ लागली की बघू.