निळा धूर, नोंद सातवी: नवे कार्ट्रिज बसवूनही धूर तसाच का राहिला

माझ्या गाडीच्या मागून निघणाऱ्या निळ्या, म्हणजे ऑइल जळल्याच्या, धुराचा शोध मी या नोंदींत घेतो आहे. मागच्या नोंदीच्या शेवटी मी मोठ्या विश्वासाने लिहिले होते की टर्बोचे (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या यंत्राचे) कार्ट्रिज, म्हणजे दांडा आणि बेअरिंग असलेला गाभा, बदलले की हा विषय संपेल. कार्ट्रिज बदलले, इंजिन गरम होऊ दिले, चार मिनिटे आयडलवर ठेवले आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला, तर मागे पूर्वीइतकाच दाट, पूर्वीइतकाच निळा आणि त्याच जळक्या वासाचा ढग उभा राहिला. त्यानंतर आठवडाभर मी बॉनेट उघडलेच नाही. ही नोंद त्या आठवड्यानंतरच्या कामाची आहे, आणि ती लिहिण्याजोगी झाली याचे कारण असे की आयडलनंतरचा तो ढग आता थांबला आहे, मात्र मी ज्याला दोषी धरले होते तो भाग बदलल्यामुळे नव्हे.

लक्षणे तुम्हांला पाठ असतीलच: रात्रभर उभ्या गाडीचे इंजिन सुरू करताना एक फिकट निळी झुळूक, एकसारख्या वेगात काहीच नाही, आणि काही मिनिटे थांबून पुन्हा निघताना मोठा ढग; ऑइलचा खप १००० किलोमीटरला सुमारे ७०० मिलिलिटर. पाचव्या नोंदीत मी एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (सिलिंडरांचा धूर गोळा करणारा नळांचा जुडगा) उतरवले तेव्हा चारही सिलिंडरांची धुराची तोंडे, म्हणजे पोर्ट, कोरडे आणि राखाडी होते, उलट टर्बाइनचे (टर्बोच्या एक्झॉस्टने फिरणाऱ्या गरम बाजूचे) तोंड ओलेचिंब होते, तर कॉम्प्रेसरकडून (टर्बोच्या हवा दाबणाऱ्या बाजूकडून) निघणाऱ्या पाइपात पीसीव्हीकडून (इंजिनाच्या पोटातली वाफ परत हवेच्या वाटेत सोडणाऱ्या व्हॉल्व्हकडून) येणारा नेहमीचा पातळ थर सोडला तर काही नव्हते. यावरून मी असे ठरवले की ऑइल टर्बोच्या गरम बाजूने बाहेर पडते, म्हणून टर्बो गेलेला आहे. या वाक्याचा पूर्वार्ध बरोबर होता, पण उत्तरार्ध त्यातून निघत नव्हता, आणि ते मला एक कार्ट्रिज खर्च झाल्यावर कळले. खरे तर जुन्या कार्ट्रिजचा दांडा हाताने तपासला तेव्हाच शंका यायला हवी होती, कारण आडवी हालचाल ऑइलच्या थरावर तरंगणाऱ्या बेअरिंगमध्ये असते तेवढीच होती आणि लांबीच्या दिशेने तर तो जागचा हलतही नव्हता.

आपण टर्बोचे ‘सील’ म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर रबरी ओठाचा सील येतो, पण तिथे तसे काही नसते. दांड्यावरच्या खाचेत पिस्टनच्या रिंगेसारखी एक बारीक धातूची रिंग असते आणि ती ऑइल अडवते त्यापेक्षा वायू अधिक अडवते. ऑइल बाहेर न येण्याचे मुख्य कारण म्हणजे बेअरिंगमधून निघालेले ऑइल खालच्या नळीतून आपल्या वजनाने सम्पमध्ये (इंजिनाच्या तळच्या ऑइलच्या टाकीत) पडून जाते आणि सीलपर्यंत साचतच नाही. परतीच्या त्या वाटेत पंप नसतो. म्हणूनच ती नळी रुंद आणि शक्य तितकी उभी ठेवावी लागते. उभ्या रेषेपासून ३५ अंशांहून जास्त कलू देऊ नये असे सांगितले जाते ते याच कारणासाठी. भर म्हणजे बेअरिंगमधून बाहेर पडणारे ऑइल हवेत घुसळलेले, फेसाळ असते आणि त्याला साध्या ऑइलपेक्षा बरीच जास्त जागा लागते. आयडलवर टर्बाइनकडचा वायूचा दाब अगदी कमी असतो, त्यामुळे वाट जरा जरी तुंबली तरी ऑइल रिंग ओलांडून एक्झॉस्टमध्ये झिरपते आणि पुढच्या वेळी अ‍ॅक्सिलरेटर दाबताच जळते. माझ्या गाडीचे लक्षण नेमके हेच होते.

तेव्हा नव्या टर्बोतूनही धूर येणे हा एक प्रकारे चांगला पुरावा ठरला. संशयित दोनच उरले: क्रँककेसमध्ये (पिस्टनखालच्या इंजिनाच्या पोटात) दाब साचून तो परतीच्या ऑइलला खालून रोखतो आहे, किंवा परतीची नळीच तुंबली आहे.

पहिल्यासाठी मी पारदर्शक नळी इंग्रजी यू अक्षराच्या आकारात एका फळीवर बांधली, निम्मी रंगीत पाण्याने भरली आणि तिचे एक टोक क्रँककेसमध्ये उघडणाऱ्या डिपस्टिकच्या (ऑइल मोजायच्या पट्टीच्या) नळीत घट्ट बसवले. दहा मिलिमीटर पाणी म्हणजे जवळजवळ एक मिलिबार, एवढे लक्षात ठेवले की पुरते. इलेक्ट्रॉनिक दाबमापकाच्या आकड्यांपेक्षा पाण्याचे हे वर-खाली होणे मला कितीतरी जास्त विश्वासार्ह वाटते, कारण त्यात दाबाचे ठोकेही डोळ्यांना दिसतात. आयडलवर पाणी २५ मिलिमीटर इंजिनाच्या बाजूला ओढले गेले, म्हणजे आत हलका निर्वात होता. नळी लांब करून फळी गाडीत आणली, सोबत्याला ती उभी धरायला लावली आणि चढावर टर्बोचा पूर्ण दाब (बूस्ट) दिला, तेव्हा ते उलट्या बाजूला जेमतेम १५ मिलिमीटर सरकले. पिस्टनच्या रिंगा पार झिजून वायू खाली क्रँककेसमध्ये येत असता तर पाणी उडून सोबत्याच्या मांडीवर आले असते. तिसऱ्या नोंदीत बदललेला पीसीव्हीचा पडदा नीट काम करतो आहे, हेही या निमित्ताने सिद्ध झाले.

मग उरली नळी, आणि इथे मला एक कबुली द्यायची आहे. कार्ट्रिज बदलताना मी तिचे फक्त वरचे टोक सोडवले होते, आत क्लीनर फवारला होता, थोडे ऑइल ओतून ते खाली जाते हे पाहिले होते आणि समाधान मानले होते. सम्पकडच्या फ्लँजचे (नळीच्या टोकाच्या जोडपट्टीचे) दोन बोल्ट अशा जागी आहेत की पाना एका वेळी जेमतेम बारावा भाग फिरतो, म्हणून ते मी टाळले. या वेळी आधी मोजणी केली. अर्धा लिटर नवे ऑइल नरसाळ्याने वरून ओतले आणि ते पूर्ण उतरायला २३ सेकंद लागले. मग गाडीखाली शिरून, हाताची साले काढून घेत तो फ्लँज सोडवला.

आत लाल सिलिकॉन होते. माझ्या आधी कोणीतरी तिथे धातूच्या गॅस्केटऐवजी सिलिकॉनची जाड वळी पिळली होती, फ्लँज आवळताच तिचा निम्मा भाग आत दबला गेला होता आणि त्या बांधावर वर्षानुवर्षांच्या करपलेल्या ऑइलचा काळा गाळ साचून निम्म्याहून अधिक छेद बंद झाला होता. थंड, शांत, फेस नसलेले ऑइल त्यातून सावकाश का होईना उतरत होते, म्हणून माझी पहिली चाचणी फसली. नळी साफ करून, योग्य गॅस्केट लावून त्याच ऑइलने त्याच तापमानाला पुन्हा मोजले तेव्हा सहा सेकंद लागले. हे सहा सेकंद मी तीन वेळा मोजले, गरज म्हणून नव्हे, आनंद म्हणून. जाता जाता एक तक्रार नोंदवतो: टर्बोसाठी ‘संपूर्ण’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गॅस्केट संचांत या खालच्या फ्लँजचे गॅस्केट बऱ्याचदा नसते, त्यामुळे ऐन वेळी हात सिलिकॉनच्या ट्यूबकडे जातो आणि असे बांध तयार होतात.

इतके झाल्यावर इंजिन सुरू केले आणि धूर आला, तोही पूर्वीपेक्षा जास्त! त्या संध्याकाळी इंजिन बाहेर काढण्याच्या तयारीने मी साखळी-कप्पीची चौकशीही केली. जेवताना मात्र ध्यानात आले की इतक्या दिवसांत गळलेले ऑइल गेले कुठे, तर सायलेन्सरमध्ये. दुसऱ्या दिवशी मोकळ्या रस्त्यावर गाडी चांगली तापवून पळवली. पहिले वीस-पंचवीस किलोमीटर धूर राहिला, मग विरळ झाला आणि साठाव्या किलोमीटरनंतर दहा मिनिटे आयडलवर ठेवूनही मागचा आरसा स्वच्छ राहिला. दुरुस्तीनंतर लगेच निकाल लावू नये हे मला ठाऊक होते, तरी मी तो लावला होताच.

त्यानंतर ११०० किलोमीटर झाले आहेत. खप मोजण्याची पद्धतही बदलली आहे. डिपस्टिकवरच्या खुणांमधले अंतर डोळ्याने वाटून घेणे सोडून, तीच सपाट जागा आणि इंजिन बंद केल्यावर तोच वेळ पाळून पातळी वरच्या खुणेवर आणतो आणि ऑइलच्या बाटलीचे वजन ओतण्याआधी व नंतर स्वयंपाकघरातल्या काट्यावर घेतो. एक लिटर ऑइल साधारण ८५० ग्रॅम धरले तर खप आता १००० किलोमीटरला २६० मिलिलिटरवर आला आहे. काही उत्पादक अर्धा लिटरही चालतो म्हणतात, त्यामुळे पुष्कळजण इथे थांबले असते. परंतु सकाळची ती फिकट झुळूक अजून येते, आणि गरम कॅटॅलिटिक कन्व्हर्टर थोडेसे ऑइल दिसू न देता जाळून टाकतो, म्हणून दिसत नाही तेवढे नाही असे मी मानत नाही.

या उरलेल्या खपासाठी माझा बेत ऑइल रिंगा मोकळ्या करण्याचा होता: पिस्टनवर द्रावण ओतून रात्रभर भिजत ठेवायचे. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरांत ११.६ ते १२.३ बारच्या दरम्यान आहे, पण तो आकडा वरच्या दोन रिंगांविषयी बोलतो. सर्वांत खालची ऑइल रिंग कार्बनने जखडली तरी कॉम्प्रेशन उत्तम येऊ शकते. द्रावणाचा डबा आणूनही ठेवला आहे. मात्र ही नोंद लिहिताना स्पार्क प्लगचे जुने फोटो पुन्हा समोर घेतले आणि तिसऱ्या सिलिंडरच्या प्लगवर एक गोष्ट दिसली, जी मी दोनदा नजरेआड केली होती: राखेचा थर एकाच बाजूला आहे, बाकी प्लग कोरडा आहे. रिंगांतून येणारे ऑइल सहसा अशी बाजू निवडत नाही, व्हॉल्व्हच्या गाइडमधून (व्हॉल्व्हचा दांडा ज्यात सरकतो त्या नळीतून) उतरणारे निवडते. रात्रभर उभे राहिल्यानंतरच्या झुळकीचा मेळही व्हॉल्व्हच्या सीलशी अधिक बसतो. अडचण एवढीच की प्लग काढताना कोणती बाजू इनटेककडे (हवा आत येण्याच्या बाजूकडे) होती याची खूण मी केली नव्हती.

म्हणून द्रावणाचा डबा तूर्त फळीवर राहील. चारही प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर इनटेकच्या दिशेने मार्करने रेघ ओढून ते परत बसवले आहेत आणि ५०० किलोमीटरनंतर काढणार आहे. तोवर इनटेक मॅनिफोल्ड उतरवून बोअरस्कोपने (आत घालायच्या बारीक कॅमेऱ्याने) तिसऱ्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हची पाठ पाहीन. हे थेट इंजेक्शनचे इंजिन असल्याने तिथे पेट्रोलचा फवारा कधी पोहोचतच नाही, त्यामुळे गाइडमधून उतरणारे ऑइल असेल तर ते ओले डांबर होऊन तसेच चिकटलेले दिसायला हवे. स्वस्तातल्या बोअरस्कोपला बाजूचा आरसा नसेल तर तो या कामी निरुपयोगी आहे, हे माझा पहिला फेकून दिल्यावर कळले. व्हॉल्व्ह ओले निघाले तर हेड (सिलिंडरांवरचे, व्हॉल्व्ह असलेले झाकण) न उतरवता सील बदलता येतील, कारण प्लगच्या भोकातून हवेचा दाब देऊन किंवा सुती दोर आत कोंबून व्हॉल्व्ह वर धरून ठेवता येतात. मी दोराच्या बाजूचा आहे, कारण अर्ध्यात गॅरेजमधला हवेचा कॉम्प्रेसर बंद पडला आणि व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये सुटला तर हेड उतरवावेच लागेल. दोर आठ मिलिमीटर जाडीचा घेतला आहे आणि आत राहू नये म्हणून त्याच्या टोकाला गाठ मारून ठेवली आहे.