तुम्ही विचारलेत म्हणून: साध्या ठिकाणची सुशी

सुशी हा जपानी पदार्थ खायचाच असेल तर तो एखाद्या नामांकित, महागड्या ठिकाणी खावा, असे तुमच्यापैकी अनेकजण सुचवतात. सरकत्या पट्ट्यावरून बशा फिरत येतात अशा साध्या रेस्टॉरंटमध्ये तुम्ही मुद्दाम का जाता आणि तिथला कच्चा मासा निर्धास्तपणे कसा खाता, असे मला वारंवार विचारले जाते. माझे उत्तर माशापासून नव्हे, भातापासून सुरू होते. पण त्याआधी ‘साधे ठिकाण’ म्हणजे दुय्यम ठिकाण हा समज बाजूला ठेवायला हवा.

सुशीचा जुना प्रकार म्हणजे मीठ लावलेला मासा भातात घालून महिनोन्‌महिने आंबवणे. जपानमधील बिवा सरोवराच्या परिसरात फुनाझुशी नावाची सुशी आजही याच पद्धतीने करतात. आज आपल्या डोळ्यांपुढे येते ती निगिरी, म्हणजे हाताने दाबलेल्या भाताच्या मुटक्यावर ठेवलेला माशाचा काप. ती एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योमध्ये, 1820 च्या दशकात रूढ झाली आणि तिचे श्रेय सहसा हानाया योहेई यांना दिले जाते. आंबवण्यातून येणारी आंबट चव भातात व्हिनेगर घालून तत्काळ मिळू लागल्यामुळे हा पदार्थ ठेल्यांवर विकला जाऊ लागला. लोक तो उभ्याउभ्याच, हाताने खात आणि पुढच्या कामाला लागत; तेव्हाचा एकेक तुकडा आजच्यापेक्षा बराच मोठा असे. शिराइशी योशिआकी यांनी बिअरच्या कारखान्यातील सरकता पट्टा पाहून 1958 मध्ये ओसाकाजवळ तशा पट्ट्याचे पहिले सुशी रेस्टॉरंट काढले आणि 1970 च्या ओसाका येथील जागतिक प्रदर्शनानंतर ती कल्पना सर्वत्र पोहोचली. तेव्हा झटपट आणि परवडणारी सुशी ही मूळ परंपरेतून झालेली घसरण नाही. उलट दबक्या आवाजात, एकेक तुकडा समोर ठेवला जाणारा महागडा थाटच निगिरीच्या ठेल्यावरच्या जन्मापासून अधिक दूरचा आहे.

आता भाताकडे वळू. आखूड दाण्याचा, चिकट होणारा तांदूळ शिजवून तो गरम असतानाच त्यात व्हिनेगर, मीठ आणि साखर यांचे मिश्रण हलक्या हाताने कालवतात आणि वारा घालून तो निववतात. चांगल्या मुटक्यातील दाणे एकमेकांना धरून राहतात, पण तोंडात जाताच सुटे होतात, आणि भात साधारण अंगाइतकाच कोमट असतो. तो थंडगार आणि कडक लागला, तर तुकडे आधीच करून शीतपेटीत ठेवले होते असे समजावे, कारण थंडीत भातातील पिष्ट घट्ट होऊन दाणा टणक होतो; मग वरचा मासा कितीही उत्तम असला तरी घास वाया जातो. पुष्कळ साध्या ठिकाणी मुटके यंत्र वळते. असे यंत्र सुझुमो या जपानी कंपनीने 1981 मध्ये बाजारात आणले आणि मला स्वतःला त्यात काहीच कमीपणा वाटत नाही, कारण भात शिजवणे, कालवणे आणि योग्य तापमानाला राखणे हे शेवटी माणसाच्याच हाती राहते. म्हणून नव्या ठिकाणी गेल्यावर मी भरगच्च, सॉसने माखलेल्या रोलऐवजी, म्हणजे गुंडाळून कापलेल्या सुशीऐवजी, आधी साधी निगिरी मागवतो. सॉसखाली भाताचे दोष झाकले जातात.

कच्च्या माशाची भीती निराधार नाही, पण ती बहुधा चुकीच्या जागी असते. ‘आजच पकडलेला मासा’ सर्वांत सुरक्षित असे लोक मानतात; प्रत्यक्षात समुद्री माशांत आढळणारी अनिसाकिस नावाची कृमी ताजेपणाने नव्हे, गोठवण्याने मरते. त्यासाठी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचे मार्गदर्शन उणे 20 अंश सेल्सिअसला 7 दिवसांचे आहे, तर युरोपीय संघाचा नियम त्याच तापमानाला किमान 24 तासांचा आहे. दूरच्या समुद्रात पकडलेला ट्यूना तर अनेकदा बोटीवरच उणे 60 अंशांच्या आसपास गोठवला जातो. सॅमनचा इतिहास याहूनही बोलका आहे: जपानमध्ये पूर्वी या कृमीच्या धास्तीने सॅमन कच्चा खात नसत; 1980 च्या दशकाच्या मध्यापासून नॉर्वेने आपला संवर्धित, नियंत्रित खाद्यावर वाढवलेला सॅमन तिथे नेटाने विकला, आणि आज तो साध्या रेस्टॉरंटमधील सर्वांत आवडता मासा झाला आहे. अर्थात गोठवल्याने जिवाणू मरत नाहीत. म्हणून स्वच्छता, गिऱ्हाइकांचा राबता आणि वास या तीन गोष्टी मी पाहतोच, आणि गर्भवती किंवा रोगप्रतिकारशक्ती कमी असलेल्या व्यक्तीने कच्चा मासा टाळावा असेच सांगतो.

पट्ट्यावरची बशी दिसायला मोहक असते, पण ती कितीदा फिरून आली हे आपल्याला दिसत नाही. भाताच्या कडा सुकलेल्या किंवा नोरी, म्हणजे समुद्री शेवाळाचा पापुद्रा, मऊ पडलेला दिसला तर बशी तशीच पुढे जाऊ द्यावी आणि हवे ते टेबलाजवळच्या स्क्रीनवरून किंवा आचाऱ्याला सांगून ताजे मागवावे. निगिरी हाताने खाणे पूर्णपणे शिष्टसंमत आहे. सोया सॉस मात्र माशाच्या बाजूने लावावा, कारण भात तो शोषून घेतो आणि तिथेच विस्कटतो. गारी, म्हणजे मुरवलेले आले, दोन तुकड्यांच्या मध्ये तोंड साफ करण्यासाठी असते. ते सुशीवर रचण्याची गरज नाही. वसाबीची, म्हणजे सुशीबरोबरच्या झणझणीत चटणीची, हिरवी गोळी बहुतेक ठिकाणी खऱ्या वसाबीऐवजी रंगवलेल्या हॉर्सरॅडिश या तिखट मुळाची असते, आणि या दराला तसे असणे मला गैर वाटत नाही. शाकाहारी मंडळींसाठी कप्पामाकी, म्हणजे काकडीचा रोल, आणि इनारी, म्हणजे तळलेल्या टोफूच्या (सोयाबीनच्या पनीरच्या) पिशवीत भरलेला भात, असते. इनारीची पिशवी ज्या रसात शिजवतात त्यात माशाचा अर्क बहुधा असतोच, म्हणून विचारून घ्यावे.

एक पदार्थ मात्र मी साध्या ठिकाणी मागवत नाही, आणि तो म्हणजे उनी, अर्थात सी अर्चिन या काटेरी समुद्री जीवाचा मऊ पिवळा गर. तो फार लवकर विरघळू लागतो, म्हणून त्याचा आकार टिकवण्यासाठी स्वस्त मालाला तुरटीच्या पाण्याची प्रक्रिया करतात आणि तिचा कडवटपणा जिभेवर रेंगाळतो. उनी खायचीच असेल, तर तुम्ही सुचवता त्या महागड्या ठिकाणी जावे हे मला मान्य आहे.