त्रयोदशीची होडी

ठाण्यात होडी म्हटलं की तलावपाळी. पायाने पेडल मारायचं, कोपिनेश्वराच्या अंगाला एक वळसा घालायचा, वेळ संपली की मुकाट परत यायचं. त्यात वाईट काही नाही, पण पूर्वेला खाडी आणि उत्तरेला उल्हास नदी असलेल्या गावाने मासुंद्यावरच, म्हणजे या तलावपाळीच्या तळ्यावरच, समाधान मानावं, हे जरा अतीच झालं.

परदेशात छोट्या होड्यांचे मेळे भरतात. चार-पाच मीटरच्या पंधरा-वीस होड्या, शीड आणि वल्ही दोन्ही असलेल्या. शर्यत नाही, बक्षीस नाही. तळ्यातून कालव्यात, कालव्यातून पुढच्या तळ्यात रमतगमत जायचं आणि संध्याकाळी काठावर चूल पेटवायची. इंग्लंडमधल्या नॉरफोक ब्रॉड्सची तळी तर मुळात तळी नव्हेतच. मध्ययुगात सरपणासाठी पीट, म्हणजे दलदलीतली जळाऊ माती, खणून झालेले ते खड्डे, पुढे पाणी चढून भरले. तिथले काही जुने पूल इतके ठेंगणे, की डोलकाठी बुडाशी बिजागरीवर बसवतात. पुलाअलीकडे काठाला लागायचं, शीड उतरवायचं, काठी आडवी करायची, वल्ह्याने पलीकडे जायचं आणि पुन्हा उभी करायची. चूक ठरलेली: काठाला न लागता चालत्या होडीतच काठी उतरवायला घेणं. मग अर्धी काठी पुलावर, अर्धं शीड पाण्यात.

असा मेळा ठाण्यात भरवायचा झाला तर? तलावाचं सोपं आहे. तिथे पाण्याला वेळापत्रक नाही, फक्त वारा लबाड. भोवतालच्या इमारतींवर आपटून तो दर पन्नास पावलांवर दिशा बदलतो, म्हणून शिडाची दोरी कधी खुंटीला बांधून टाकायची नाही, हातातच ठेवायची. झोत अचानक बाजूने आला की दोरी सैल सोडायची, होडी आपोआप सरळ होते. बांधलेल्या दोरीने होड्या उलटतात, वाऱ्याने नव्हे. उपवनला येऊरच्या डोंगराखाली हाच खेळ.

खाडीचं तसं नाही. तिथे पंचांग लागतं.

कोळ्यांचा जुना हिशोब असा: तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. हिशोब ढोबळ आहे आणि किनाऱ्याचा आहे. खाडीच्या माथ्याला, म्हणजे ठाण्याला, पाणी पोहोचायला आणखी वेळ लागतो. म्हणून मुंबई बंदराच्या छापील तक्त्याशी ताडून घ्यायचं आणि ठाण्यासाठी थोडं पुढे धरायचं.

आता गंमत. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, पाणी चार मीटर आणि त्याहूनही जास्त चढतं-उतरतं, ओढ जबर. अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे पाणी शांत, नवख्यांना बरं. पण अष्टमीला भरती सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाला. ऐन दुपारी ओहोटी, म्हणजे खाडीच्या माथ्याला मैलभर चिखल आणि त्यात चरणारे रोहित पक्षी. पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या आसपास, जेवणाच्या वेळेशी जुळणारी, पण पाणी अंगावर येणारं. शहाणं पाणी अवेळी येतं आणि वेळेवर येणारं पाणी दांडगट असतं. मुलं आणि पाहुणे यांच्याबाबतीतही असंच असतं म्हणा.

तोडगा म्हणजे त्रयोदशी. भरती पाऊणपटीने पावणेदहाची, माथ्याला त्याहून उशिराची. सकाळी आठला ऐरोलीच्या बाजूने निघायचं, चढत्या पाण्यावर उत्तरेला कळव्याच्या दिशेने, पाणी थांबलं की वळायचं आणि ओहोटीबरोबर खाली यायचं. हिवाळ्यात सकाळी जमिनीवरचा वारा मंद असतो, तेव्हा वल्ही हवीतच. दुपारकडे वायव्येचा वारा धरतो, तो परतीला पाठीवर मिळतो. वारा आणि पाणी एका दिशेला असले की खाडी गुळगुळीत राहते. समोरासमोर आले की आखूड, उभ्या लाटा उठतात आणि छोटी होडी पाणी भरून घेते.

पण त्रयोदशीचं खरं कारण वेगळंच आहे. चढ सगळ्या तासांत सारखा नसतो. सहा तासांतल्या एकूण चढाचे बारा हिस्से केले तर पाणी तासागणिक एक, दोन, तीन, तीन, दोन, एक हिस्सा असं चढतं आणि तसंच उतरतं. चार मीटरच्या उतारात पहिल्या तासाला तेहतीस सेंटीमीटर, तिसऱ्याला पूर्ण मीटर. भरतीनंतर दोन तासांनी रुतलात, तर पाणी पुन्हा त्या उंचीला यायला पुढच्या भरतीआधीचे दोन तास उजाडावे लागतात. दोन भरत्यांत १२ तास २५ मिनिटं, म्हणजे चिखलात ८ तास २५ मिनिटं बैठक. ऐन उधाणाच्या टोकाला रुतलात तर त्याहून वाईट, कारण पुढची प्रत्येक भरती आधीच्यापेक्षा बुटकी. मग पंधरवडा. त्रयोदशीला उधाण वाढतीवर असतं, आजचं पाणी चुकलं तर उद्याचं आणखी वर येऊन सोडवतं.

रुतल्यावर उतरून ढकलायचं नाही. चिखल मांडीपर्यंत घेतो, चप्पल परत देत नाही. होडी आडवी सरकू नये म्हणून पोटातून खाली सोडलेली फळी आधी वर ओढायची. फळी खाली असताना मीटरभर पाणी लागतं, वर घेतली की वीतभरात होडी तरंगते. फळीच्या खाचेत चिखल गच्च बसून ती अडकते, म्हणून घरी गेल्यावर खाच धुवायचीच. दोन-तीन अश्वशक्तीचं इंजिन असेल तर ते थंड करून मागून पडणाऱ्या पाण्याच्या बारीक धारेवर नजर हवी. निर्माल्याची पिशवी तोंडाशी बसली की धार तुटते. तुटली की इंजिन बंद, आधी पिशवी. पंख्याची पिन दगडाला लागून मोडते, जादा दोन पिना डब्यात.

थांबताना नांगराची दोरी खोलीच्या पाचपट, आणि खोली भरतीची धरायची. सगळ्या होड्या शेजारी शेजारी बांधायच्या तर एकानेच नांगर टाकायचा, मधल्या होडीने, आणि डोलकाठ्या पुढेमागे ठेवायच्या. एका रांगेत आल्या की डुलताना एकमेकींच्या कानफटात मारतात.

मार्गात पूल आहेतच. १८५३ला रेल्वे ठाण्याला आली, पुढच्याच वर्षी खाडी ओलांडून कल्याणला गेली. उंच काठीवाल्यांनी तिथे नॉरफोकसारखं वाकावं किंवा पुलाअलीकडूनच वळावं. शिवाय पश्चिमेचा काठ २०१५पासून रोहित अभयारण्य, म्हणजे वनखात्याची परवानगी आधी. तिवरांपासून अंतर ठेवायचं, पक्ष्यांच्या थव्यात होडी घालायची नाही.

राहता राहिला वार. त्रयोदशी रविवारीच पडेल असं नाही, तेव्हा रजा टाकावी लागते. अर्जात कारण म्हणून नुसतं त्रयोदशी लिहावं. साहेब प्रदोषाचा उपास समजून सही करतात. मिसळ मात्र त्या दिवशी लपून खावी लागते.